कोरीवकाम शिकायचंय? आधी ग्रेव्हरला धारेवर धरा

चांदीत काम करायला लागून मला सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा पहिल्यांदा ग्रेव्हर, म्हणजे धातू कोरायचं टोकदार हत्यार, हातात घेतला, आणि डोक्यात असं की आपल्याला पत्रा कापता येतो, सोल्डर करता येतं, कानस चालते, खडे बसवता येतात, मग एक रेघ ओढायला असं काय लागतंय. तांब्याच्या तुकड्यावर टोक टेकवलं, जोर लावला आणि ते सुर्रकन घसरून डाव्या अंगठ्यात. पत्र्यावर साधा ओरखडा नाही, कोरीवकाम झालं ते अंगठ्यावर.

मग तोच ग्रेव्हर घेऊन कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी टोक नखाला लावून बघितलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ह्याला काय धार म्हणत्यात व्हय? धार लावून ये, मग बोलू." मला राग आला, कारण तो ग्रेव्हर नवाकोरा होता, दुकानातनं आणलेला तसाच. नंतर कळलं की दुकानातनं येतो तो ग्रेव्हर नसतोच, ती नुसती सळई असते, ग्रेव्हर आपण तिचा करायचा असतो.

तर हे सगळं त्यांच्यासाठी ज्यांना दागिना बनवता येतो पण त्यावर हाताने कोरता येत नाही आणि आत्ता कुठे सुरुवात करायची आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. लग्नात आलेल्या पातेल्यावर "यांजकडून सप्रेम भेट" असं जे असतं ना, ते भांड्याच्या दुकानात कर्रर्र आवाज करणाऱ्या मशीनने केलेलं असतं, त्यात सुई वरखाली आपटते आणि धातू दाबला जातो, निघत नाही. ठोकून उठाव आणतात त्यातही धातू फक्त इकडचा तिकडे होतो. आपण बोलतोय ते काम म्हणजे धारदार टोकाने धातूचा बारीक काप काढणं, ग्रेव्हरच्या पुढे खरंच एक कुरळी तार निघते, नारळ खवताना नाही, सुतार रंधा मारताना निघते तशी. आणि मागे जी खाच राहते तिच्या दोन्ही भिंती आरशासारख्या असतात, त्यामुळे बोट हललं की रेघ चमकते. लेझरची रेघ अशी चमकत नाही, ती जळून मळकट होते. गिऱ्हाईक हाताच्या कामाचे पैसे देतं ते ह्या चमकेचे, आणि ही चमक येते फक्त धारेतनं. म्हणून मी निम्मा वेळ धारेवरच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

काय विकत घ्यायचं

फार कमी. हायस्पीड स्टीलचे दोन चौकोनी ग्रेव्हर, एक चपटा, आणि लाकडी मुठी. झवेरी बाजाराकडच्या टूल्सच्या दुकानांत मिळतात, ऑनलाइन पण मिळतात, कारागीर लोक ह्यालाच कलम म्हणतात. ओंग्लेट, नाईफ, लायनर असे दहा प्रकार दिसतील तिथे, ते बघून हात शिवशिवतात, पण नका घेऊ. मी सात घेतले होते, त्यातले चार अजून गंजतायत.

स्टीलचं एवढं लक्षात ठेवा. साधं हायकार्बन स्टील स्वस्त आणि त्याला धार पण लवकर लागते, पण ग्राइंडरवर घासताना ते तापून निळं पडलं (साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास) की त्या टोकाचा कडकपणा गेला, मग कितीही धार लावा, दोन रेघांत बोथट होणार. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं. हायस्पीड स्टील उष्णतेला बरंच टिकतं म्हणून नवशिक्याला तेच बरं. कार्बाइड सगळ्यात कडक, पण ठिसूळ, मनगट जरा वाकडं झालं की टोक टिचकन उडतं आणि ते कुठे उडालं ते सापडत नाही. चष्मा लावा. नंबरचा नाही तर साधा सेफ्टीचा, पण लावा.

हवेवर चालणाऱ्या हँडपीसचं मशीन बाहेरून मागवायचं तर कंप्रेसर, ड्युटी वगैरे धरून लाखाच्या वर जातं. त्याच्याशिवाय होत नाही असं सगळे व्हिडिओ बघून वाटतं. चांदी, तांबं आणि सोन्यासाठी पहिलं वर्षभर अजिबात गरज नाही. त्यांना लाख लागतात, आपल्याला नुसती लाख लागते, तिच्यावर पुढे येतो.

मूठ अळंबीच्या आकाराची असते आणि एका बाजूने सपाट केलेली असते, म्हणजे ग्रेव्हर खाली झोपवता येतो. आता लांबी. मूठ तळहातात धरल्यावर ग्रेव्हरचं टोक अंगठ्याच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटर आलं पाहिजे, जास्त नाही. विकत येतो तो ह्यापेक्षा बराच लांब असतो आणि तसाच वापरला तर टोक डगमगतं, सगळा ताबा जातो. मागचा भाग व्हाइसमध्ये पकडून, वर जाड फडकं गुंडाळून, हातोडीच्या एका फटक्याने तोडायचा. पहिल्यांदा जिवावर येतं. तोडा.

बाकी डोक्याला लावायचं भिंग, अडीच पटीचं चालेल, आणि एक एलईडी दिवा ज्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावलाय, कारण उघडा दिवा पत्र्यावरून थेट डोळ्यात येतो आणि मग रेघ दिसतच नाही. मायक्रोस्कोप घेतलात तर छानच, पण तो नंतर.

धार

चौकोनी ग्रेव्हर घ्या आणि असा धरा की एक कोपरा खाली आहे. तो खालचा कोपरा म्हणजे पोट. पुढचा जो उतार आपण घासणार ते तोंड. आणि पोटाच्या अगदी टोकाशी खालून दोन छोटे कट घ्यायचे असतात, ती टाच. सगळी गंमत ह्या टाचेत आहे आणि नवीन माणसाला टाचेबद्दल कोणी सांगतच नाही.

तोंड ४५ अंशात. तांबं, चांदी, सोनं ह्या सगळ्याला हा कोन चालतो, स्टील किंवा कडक धातूवर जायचं असेल तर ५०-५५ पर्यंत उभा करायचा म्हणजे टोक टिकतं. धार लावायची महागडी फिक्स्चर मिळतात, मी लाकडाचा ठोकळा ४५ अंशात कापला, त्याला लांबीच्या दिशेने व्ही खाच पाडली, खाचेत ग्रेव्हर कोपरा खाली करून बसवला, बोटाने दाबला आणि ठोकळ्यासकट डायमंड प्लेटवर (हिऱ्याची पूड बसवलेली घासायची पट्टी) पुढेमागे. ६०० ग्रिट, मग १२००. तोंड आरशात बघितल्यासारखं एकसारखं दिसलं पाहिजे, त्यावर दोन वेगवेगळे उतार चमकत असतील तर हात हललाय, परत करा.

मग टाच. ग्रेव्हरची खालची एक बाजू प्लेटवर सपाट टेकवा, मूठ १५ अंश वर उचला आणि अलगद दोन वेळा मागे ओढा. दोनच वेळा. मग दुसरी बाजू तशीच, तेवढेच फटके, तेवढाच जोर. दोन्ही कट बरोबर मध्ये पोटाच्या रेघेवर भेटले पाहिजेत. टाचेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, भिंगातून बघितलं तर कशीबशी दिसते एवढीच. मी पहिल्या महिन्यात टाच चांगली दीड-दोन मिलिमीटर करत होतो, जास्त घासलं म्हणजे जास्त धार असं वाटायचं, आणि मग प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला एक पांढरट ओरखडा यायचा. तीन आठवडे मी तो ओरखडा हाताची चूक समजून हात सुधारत बसलो. लांब टाच वळणावर मागून घासते, एवढंच होतं ते. लांब गाडी बोळात वळवताना मागचं चाक कठड्याला घासतं तसं.

टाच नसेल तर काय होतं? ग्रेव्हर धातूत शिरायला मूठ उचलावी लागते आणि ती उचलली की टोक खोल खोल जातं. टाच ग्रेव्हरला खालून आधार देते आणि खोली धरून ठेवते, म्हणून मूठ पत्र्यापासून थोडी वर असूनही टोक खोल न जाता कापता येतं.

शेवटचा हात सिरॅमिकच्या दगडावर, नाहीतर लाकडी पट्टीला चिकटवलेल्या चामड्यावर अर्ध्या मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून. तोंडाला पण आणि टाचेला पण. टाच जशी असेल तशीच खाचेची भिंत होते, टाचेवर ओरखडे असतील तर ते जसेच्या तसे रेघेत उतरतात आणि मग रेघ चमकत नाही, राखाडी दिसते.

झाली का धार? दोन परीक्षा. टोक नखावर तिरकं टेकवा, अजिबात जोर न देता. चावलं तर झाली, घसरलं तर नाही. दुसरी म्हणजे टोक दिव्याखाली फिरवून भिंगातून बघा, टोकावर चमकता ठिपका दिसला तर ते बोथट आहे, कारण खऱ्या धारेला प्रकाश परत फेकायला जागाच नसते.

आणि ही धार किती वेळ टिकते? सुरुवातीला दहा मिनिटंसुद्धा नाही. काम थांबवून परत दगडावर जायचा कंटाळा येतो, "एवढी एक रेघ होऊ दे" असं म्हणतो आपण, आणि नेमकी तीच रेघ घसरते. माझी सगळी मोठी घसरगुंडी झाली ती बोथट टोकाने, धारदार टोकाने मला आजवर फारसं कापलेलं नाही. काम झालं की टोक बाटलीच्या बुचात नाहीतर थर्मोकोलच्या तुकड्यात खुपसून ठेवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून बघा.

पत्रा धरायचा कसा

तांब्याचा १ ते दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा, पाच बाय पाच सेंटिमीटरचे तुकडे, एकदम वीस-पंचवीस कापून घ्या. तापवून मऊ करू नका, मऊ तांबं चिंगमसारखं चिकटतं. ८०० च्या पॉलिश पेपरने घासून घ्यायचं, आरसा नको, तुमचंच तोंड दिसत राहतं त्यात. पितळ पण चालतं, त्याचा काप तुटक निघतो आणि हाताला जरा कोरडं लागतं, पण शिकायला तांबंच बरं, तांबं चूक लपवत नाही.

आता लाख. लाखेत बारीक चाळलेली विटेची पूड आणि थोडी राळ घालून मंद आचेवर वितळवायची आणि लाकडाच्या जाड गोल चकतीवर थर द्यायचा. पत्रा पण कोमट करून मग बसवायचा, गार पत्रा लाख धरत नाही, वरवर चिकटल्यासारखा वाटतो आणि ऐन वेळी सुटतो. लाख बोटाने सारखी करायची तर बोटं आधी पाण्यात भिजवा, गरम लाख कातडीला चिकटली की सुटत नाही आणि भाजत राहते. काढताना परत थोडं तापवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, गार झाली की ठिसूळ होऊन टक्कन सुटते. उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फक्त तेव्हा आसपास बर्नर चालू नको, हे सांगायची गरज नाही पण सांगतो, कारण आमच्याकडे एकदा टेबलावरचं फडकं पेटलंय. दागिन्यात मोती किंवा पाचू असेल तर लाखेच्या वाटेला जाऊच नका, उष्णता त्यांना सोसत नाही, त्यासाठी लाकडी रिंग क्लॅम्प, म्हणजे अंगठी पकडायचा चिमटा.

चकती ठेवायची वाळूच्या पिशवीवर. ही महाग मिळते, पण कोल्हापुरात असाल तर चप्पलवाल्याकडनं दोन गोल कातडी शिवून घ्या, आत चाळलेली वाळू गच्च भरा, झालं. हिच्यावर चकती कुठेही कलते आणि कुठेही फिरते. गोल फिरणारा बॉल व्हाइस ह्याच्यापेक्षा शंभर पटीने चांगला, खोटं कशाला बोलू, पण तो पैसे मिळायला लागल्यावर.

पत्रा छातीच्या उंचीला आला पाहिजे आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. मान वाकवून काम केलंत तर महिनाभरात कळेल.

पहिल्या रेघा

उजव्या हाताची मूठ तळव्यात, तर्जनी ग्रेव्हरवर, अंगठा पत्र्यावर टेकलेला. हा अंगठा ब्रेक आहे, ग्रेव्हर त्याच्या कडेने पुढे सरकतो आणि अंगठा पत्रा सोडत नाही. जोर तळव्यातनं, खांद्यातनं नाही. डाव्या हाताने चकती धरायची आणि डाव्या हाताचं एकही बोट टोकाच्या पुढच्या रस्त्यात असता कामा नये. माझा अंगठा विचारा.

टोक थोडं उभं करून धातूत शिरवा, शिरलं असं जाणवलं की लगेच मूठ खाली आणा आणि पुढे ढकला. कुरळी निघायला लागेल. थांबायच्या आधी मूठ अजून खाली दाबत न्या म्हणजे टोक आपोआप वर येऊन बाहेर पडतं आणि रेघ निमुळती संपते. शेवटी झटका देऊन काप उडवायचा मोह होतो, त्यात टोकं मोडतात.

दोन सेंटिमीटरच्या सरळ रेघा, एकमेकींपासून एक मिलिमीटरवर, पत्रा भरेपर्यंत. हे चार-पाच पत्रे करा. कंटाळवाणं आहे, रेडिओ लावा. मध्येमध्ये टोक तेलाच्या बोळ्याला लावायचं, शिलाई मशीनचं तेल चालतं, काहीजण विंटरग्रीनचं तेल वापरतात, त्याने घरभर पाठदुखीच्या बामाचा वास येतो आणि बायको विचारते काय झालं.

सरळ जमलं की वळण, आणि इथे सगळे अडकतात, कारण आपण आयुष्यभर पेन फिरवून लिहिलंय. इथे पेन फिरवायचंच नाही. मोदकाच्या कळ्या पाडताना कसं, डाव्या हातातली पारी फिरत राहते आणि उजवा हात एकाच जागी चिमटी काढतो, अगदी तसंच. ग्रेव्हर जवळजवळ जागेवर उभा आहे आणि डावा हात पत्रा त्याच्या तोंडात फिरवत भरवतोय. हे डोक्याला समजायला एक मिनिट लागतं आणि हाताला दोन महिने. मला एक युक्ती उपयोगी पडली, ग्रेव्हर नुसता टेकवून, न कापता, फक्त चकती फिरवायची, दहा मिनिटं, टीव्ही बघत.

मग तिसरी गोष्ट, कलंडणं. वळणावर ग्रेव्हर हळूहळू एका बाजूला कलंडवला की खाच त्या बाजूला रुंद होत जाते, परत उभा केला की बारीक होते. जाड-बारीक रेघ अशी येते, जोर वाढवून नाही. स्वल्पविराम काढा, शंभर. एका टोकाला पोट, दुसऱ्या टोकाला शेपटी. पान, वेल, कोयरी, सगळी नक्षी म्हणजे शेवटी हे स्वल्पविरामच आहेत, वेगवेगळ्या रांगेत उभे केलेले. कोयरी तर सरळ सरळ एक लठ्ठ स्वल्पविराम आहे.

चपट्या ग्रेव्हरची एक मजा सांगतो. तो टेकवून मनगट डावीकडे-उजवीकडे डोलवत पुढे चाला, एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या कोपऱ्यावर. नागमोडी झिगझॅग पट्टी उमटते. बांगडीच्या कडेला ही एक पट्टी मारली की लोकांना वाटतं फार अवघड काम केलंय, आणि ती दोन दिवसांत येते. नाउमेद झालात की हे करा.

बिघडतंय कुठे

ग्रेव्हर वरून घसरतोय, शिरतच नाही, तर नव्वद टक्के वेळा बोथट, उरलेल्या वेळा मूठ फार खाली. शिरतोय पण खोल जाऊन रुततोय, तर मूठ वर राहिलीय, ढकलून सोडवू नका, मोडेल, मागे घ्या आणि कमी कोनाने परत या. रेघेच्या एकाच बाजूला धातूची उभी कडा राहतेय, बोटाला टोचतेय, तर तुम्ही नकळत ग्रेव्हर कलंडवलाय किंवा टाचेचे दोन कट कमी-जास्त झालेत, आणि हे ओळखायचं असं की मुद्दाम दुसऱ्या बाजूला कलंडवून बघा, तरी कडा त्याच बाजूला आली तर दोष टाचेचा. रेघेत आडव्या बारीक पायऱ्या दिसतायत, तर हात थरथरत पुढे चाललाय, हळू जाण्यापेक्षा जरा वेगात एका दमात जा. वळण गोल येण्याऐवजी कोपऱ्या-कोपऱ्याने येतंय, तर डावा हात मध्ये थांबतोय, वळण सुरू करण्याआधीच पकड बदलून घ्या, रेघेच्या मध्यात नाही. टोक सारखं मोडतंय तर एकदा बघा तुम्ही सोल्डरच्या जोडावरून तर जात नाही ना, सोल्डर आणि चांदी सारखी कापली जात नाही.

घसरून ओरखडा पडलाच तर वरवरचा असेल तर बर्निशरने, म्हणजे गुळगुळीत बोथट हत्याराने, दाबून घासा, धातू सरकून भरला जातो. खोल असेल तर भोवतीची जागा पण घासून खाली आणावी लागते, नुसता ओरखडा घासलात तर तिथे खड्डा होतो आणि पॉलिशनंतर तो ओरखड्यापेक्षा जास्त दिसतो.

अक्षरं, आणि तीही आपली

नक्षीपेक्षा नावाचं काम जास्त येतं. अंगठीवर, पदकावर, बाळाच्या चांदीच्या वाटीवर. आणि इथे व्हिडिओ उपयोगी पडत नाहीत, कारण सगळे रोमन लिपीचे, तिरकी अक्षरं, खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक. देवनागरीचं जाड-बारीक बोरूच्या तिरक्या कापातून आलंय, त्याचा हिशोब वेगळा. म्हणून आधी कट निबने कागदावर तेच नाव मोठं लिहा आणि जाडी कुठे येतेय ते बघा, मग लहान करा.

हे काम आपल्याकडे नवीन नाहीच. राजांची दानपत्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली असायची, ते ताम्रपट म्युझियममध्ये काचेला नाक लावून बघा, अक्षराची सुरुवात आणि शेवट कुठे झालाय ते कळतं. आणि इथून तासाभरावरच्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून त्यावरून भगवद्गीता छापली गेली. छापायची म्हणजे सगळी अक्षरं उलटी कोरलेली, सातशे श्लोक. आपण "श्री" सुलट कोरताना घाम पुसतो.

नाव पत्र्यावर उतरवायला पांढरा पोस्टर कलर बोटाने पातळ थापायचा, वाळला की त्यावर बारीक पेन्सिलने काढायचं, मग टोकदार सुईने पेन्सिलीवरून अगदी हलकं ओरखडून घ्यायचं, कारण काम करताना हात लागून पेन्सिल पुसली जाते आणि अर्ध्यात आल्यावर उरलेलं नाव कुठे होतं ते कळत नाही.

शिरोरेषा आधी कोरा. मग काना शिरोरेषेच्या आतून सुरू करून खाली या. ग्रेव्हर शिरताना जे निमुळतं टोक येतं ते शिरोरेषेत लपून जातं आणि काना वरपासून एकसारखा जाड दिसतो. उलटं केलंत, म्हणजे काने आधी आणि वर शिरोरेषा, तर प्रत्येक छेदाशी टोक ठेचकाळतं. व, ब, ष ह्यांच्या पोटात धातूचा जो छोटा तुकडा उरतो तो सांभाळा, दोन खाचा जवळ आल्या की तो उडून जातो आणि अक्षराचं खळगं होतं. क्ष, ज्ञ, श्र तीन मिलिमीटरच्या खाली करू नका, गिऱ्हाइकाला सरळ सांगा मावत नाही, नाव मोठं करू किंवा जागा बदलू. ळ मात्र मला फार आवडतो, दोन वळणं समोरासमोर, एका दमात आला तर दिवस चांगला जातो.

अनुस्वार टिंब मारून होत नाही. टोक टेकवून जागच्या जागी चकती पूर्ण गोल फिरवायची, म्हणजे वाटीसारखा खड्डा होतो आणि चमकतो. आणि तो विसरू नका, मी एकदा "अंजली"चं "अजली" करून दिलंय. परत आणून दिलं त्यांनी, हसत हसत, पण आणून दिलं.

खऱ्या दागिन्यावर जाताना

क्रम महत्त्वाचा आहे आणि मी तो एक अंगठी घालवून शिकलो. सगळं सोल्डरिंग, घासणं, बफिंग आधी, कोरणं त्याच्यानंतर, आणि खडा सगळ्यात शेवटी. मी कोरून झालेली अंगठी सवयीने पॉलिशला बाहेर दिली आणि तिथल्या पोऱ्याने मनापासून बफवर धरली, परत आली तेव्हा दोन दिवसांच्या कामाच्या सगळ्या कडा गोल होऊन गेल्या होत्या, साबणाची वडी वापरून वापरून होते तशी. त्याची चूक नव्हती, त्याला चकचकीत करायला सांगितलं होतं, त्याने केलं. कोरल्यावर फक्त मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी.

जाडी बघा. कोरलेली खाच साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर खोल असते, त्यामुळे ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर हात घालू नका, पोकळ बांगड्या आणि डायवर दाबलेले पातळ पेंडंट तर नाहीच, जोराने चेपतात. मुलामा दिलेल्या वस्तूवर कोरलंत तर आतला धातू उघडा पडतो. सोन्याच्या हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तर आधी भिंगातून तो कुठे आहे ते शोधा आणि तिथून लांब राहा. फार बारीक असतो, वेलीचं एक पान चुकून त्यावरून गेलं की संपलं.

चांदी काळी करून वर पुसायची, म्हणजे ऑक्सिडाइज्ड, ही फॅशन जोरात आहे आणि रेघांत काळं भरून नक्षी उठून दिसते. पण त्यात तुमची चमक बुजते आणि प्रत्येक डगमगलेली रेघ लांबूनसुद्धा वाचता येते. तेव्हा धार आणि हात बसला असेल तर तशीच उघडी ठेवा.

आणि टेबलाखाली कागद अंथरा. चांदीच्या त्या कुरळ्या सॉक्समध्ये घुसतात, घरभर फिरतात आणि रात्री अंथरुणात टोचतात. मी त्या डबीत साठवतो, वितळवून वर्षाला एखादी बारीक अंगठी होते.